डबा तुमचा, आतलं आमचं

आष्टीत असं सांगतात की झुंबरबाईनं केदार सरांच्या डोक्यात झारा घातला. ही गोष्ट मंठ्यात पोचेपर्यंत झाऱ्याचा हंडा झाला. परतूरच्या स्टँडवर तर मी स्वतः ऐकलंय, एक माणूस दुसऱ्याला सांगत होता, "टाके पडले म्हणे. बाई लय बेकार. अख्खा हंडाच उचलून हाणला." ऐकणाऱ्यानं विचारलं, "भरलेला का रिकामा?" तर सांगणारा म्हणतो, "ती बाई रिकामं भांडं देती का कुणाला?"

तर खरं ते सांगते. झारा होता. सकाळपासून दुपारपर्यंत झुंबरबाईच्या हातातच होता. पण तो सरांना लागला नाही. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोत सरांच्या डोक्याला जे पांढरं गुंडाळलेलं दिसतं ती पट्टी नाही, गुणगौरव समारंभाचा फेटा आहे. घामानं घसरून तो एका डोळ्यावर आलाय, म्हणून तसं वाटतं. सरांच्या तोंडावरचा भाव मात्र मार खाल्ल्याचाच आहे. त्यात लोकांची काही चूक नाही.

मी तिथं होते. कोणाचाही आवाज एकदा ऐकला की मला तो काढता येतो, त्यामुळे खाली जे बोलणं आहे ते जसंच्या तसं आहे. सरांना ते नाकबूल असेल तर त्यांनी माझ्यासमोर येऊन तसं म्हणावं. मी त्यांना त्यांच्याच आवाजात उत्तर देईन.

झुंबरबाई म्हणजे आमच्या शेजारची झुंबरकाकू. झुंबरबाई भुजंग सोळंके. हे पूर्ण नाव आष्टीतल्या पोराटोरांना पाठ आहे, कारण गावात कुठल्याही लग्नाला, बारशाला, तेराव्याला पंगत बसली की वाढप्याच्या हातातल्या बादलीवर हेच नाव असतं. हंडे, पातेली, पराती, काहिली, पळ्या, झारे, गावजेवण उठेल एवढी भांडी काकूच्या मागच्या खोलीत आहेत, आणि प्रत्येकावर काठाच्या खाली ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलंय. मंठ्याच्या बाजारातला अंगद भांडेवाला नावं घालून देतो. त्याचं ते बोटाएवढं यंत्र टर्र करत चालतं आणि काकू शेजारी उभी राहून एकेक अक्षर तपासते. 'झुं'वरचं टिंब राहिलं तर भांडं परत पुढं सरकवते.

भाडं ती घेत नाही. कोणीही यावं, सांगावं, न्यावं. नेलेलं भांडं दुसऱ्यानं तिसऱ्याला दिलं तरी तिची हरकत नसते. एक परात अशीच आमच्या गल्लीतून निघाली आणि कुठल्या कुठल्या गावची लग्नं उरकून तीर्थपुरीच्या टेम्पोतून घरी आली. मी विचारलं होतं, "काकू, तुला हरवायची भीती नाही वाटत?"

"नाव हाये ना," काकू म्हणाली. "नाव असल्यावर कुठंबी जाऊ दे. माझंच ऱ्हातं अन् सगळ्यायच्या कामाला येतं."

अट एकच. भांडं रिकामं परत करायचं नाही. मूठभर तांदूळ, एखादा लाडू, काहीच नसलं तर गुळाचा खडा, पण आत काहीतरी पाहिजे. रिकामं भांडं घेऊन आलेल्याला काकू दारातूनच म्हणते, "वाजवून दाखव." भांडं आतून वाजलं नाही की माणूस निमूट घरी जाऊन काहीतरी टाकून आणतो.

अशा बाईनं मंठ्याच्या उत्तुंग अकॅडमीचा टॅब घेतला, हीच या सगळ्याची सुरुवात.

तिची मुलगी आकांक्षा पोलीस भरतीचा अभ्यास करत होती. अकॅडमीचा टॅब म्हणजे पाटीएवढा मोबाईल, त्यात भरतीचा सगळा अभ्यास भरलेला. केदार सरांचे व्हिडिओ, गणितं, सराव परीक्षा. खोक्यावर सरांचा हात बांधलेला फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात, 'एकदाच घ्या, आजीवन शिका'. काकूनं दुकानातून निघाल्यावर पहिलं काम केलं ते हे, की टॅब घेऊन सरळ अंगदकडे गेली आणि तो पालथा करून त्याच्यापुढं ठेवला.

अंगद घाबरला. "काकू, ह्याच्यावर कामून? फुटंल ना."

"फुटला तर फुटला. नाव न्हाई ते आपलं न्हाई. घाल."

टर्र. झुंबरबाई भु. सोळंके, आष्टी. टिंबासकट.

टॅब फुटला नाही. आकांक्षा त्याच्यावर अभ्यास करून भरतीत लागली आणि ट्रेनिंगला गेली. आठवड्याच्या आत आष्टीच्या चौकात खांबावर फ्लेक्स चढला. आकांक्षाचं तोंड खिडकीएवढं, त्याच्याहून मोठं केदार सरांचं, आणि मध्ये 'उत्तुंगची वाघीण'. काकूला कोणी विचारलं नव्हतं. पण तेव्हा तिला राग आला नव्हता. येता-जाता ती वर बघून म्हणायची, "झोप झालेली दिसून राह्यली पोरीची."

मग शालू आली. शालू म्हणजे काकूच्या तीर्थपुरीच्या भावाची मुलगी. तिलाही भरती द्यायची होती आणि तिच्या बापानं घरात सांगून ठेवलं होतं, ही एक भरती, मंग लग्न. मुलगाही बघून ठेवला होता. शालूनं त्याचा फोटो मला दाखवला, आणि मी त्याच्या मिशीबद्दल जे बोलले ते इथं लिहीत नाही. मुद्दा एवढाच की शालूच्या हातात ही एकच भरती होती. काकूनं भावाला निरोप पाठवला, "पोरीला इकडं धाड. आकांक्षाचा टॅब हायेच की. तिच्या चुकांच्या खुणा बी हायेत त्यात. आयता अभ्यास."

शालूनं टॅब उघडला. टॅबनं शालूचं तोंड बघितलं आणि सांगितलं, चेहरा जुळत नाही.

पुन्हा केलं. जुळत नाही. शालूनं केस मागं घेतले, टिकली काढली, आकांक्षा हसते तशी हसली. जुळत नाही. ट्रेनिंगमध्ये आकांक्षाला सुट्टी नाही, मोबाईल रविवारी थोडा वेळ हातात मिळतो. काकूनं तिचा पासपोर्ट फोटो टॅबपुढं धरला. टॅब म्हणाला, कृपया डोळे मिचकावा. फोटोनं काही डोळे मिचकावले नाहीत. तेव्हा काकू उठली, टॅब पदराखाली घेतला आणि भर दुपारी चौकात जाऊन फ्लेक्सच्या खाली उभी राहिली. दोन्ही हातांनी टॅब वर धरला. चहाच्या टपरीवरची सगळी माणसं उठून बघायला लागली.

"काकू, काय करून राह्यल्या?"

"ह्याला पोरीचं तोंड दावून राह्यले. एवढं मोठं लावलंय तर दिसंल तरी."

दिसलं नाही. त्या दिवशी काकू घरी आल्यावर पहिल्यांदा म्हणाली, "त्यायनी पोरीचं तोंड खांबावर लावलं तर चालतं, अन् मी तेच तोंड त्यायच्याच डब्याला दावलं तर चालत न्हाई. थांब."

दुसऱ्या दिवशी काकू, शालू आणि मी मंठ्याला गेलो. केदार सर एसीत बसले होते. सरांचं बोलणं लिहिताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. ते 'थोडक्यात सांगतो' म्हणतात आणि मग थांबत नाहीत. आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'क्लिअर?' विचारतात, पण उत्तराची वाट बघत नाहीत.

"बघा काकू, थोडक्यात सांगतो. टॅब आकांक्षाच्या चेहऱ्यावर रजिस्टर आहे. त्यामुळे तो आकांक्षालाच ओळखणार. क्लिअर?"

"मंग शालूची बी वळख करून द्या."

"तसं नाही होत. सिस्टीम परवानगी देत नाही."

"सिस्टीम कोण हायेत? बोलवा त्यायला. मी बोलते."

सर हसले. ते हसणं मी काढते तेव्हा लोक म्हणतात सेम टू सेम. नाकातून निघतं, स्कूटर चालू होत नाही तसं.

"काकू, सिस्टीम म्हणजे माणूस नाही. कॉम्प्युटरचा नियम आहे."

"बरं. आकांक्षाचं काम झालं. मी हे शालूला देऊन टाकते."

"देता येत नाही."

"उसनं?"

"उसनं पण नाही."

"मंग इकते मी कोणाला तरी."

"विकता तर बिलकुल येत नाही काकू. तुम्ही अटी मान्य केल्यात ना. सुरुवातीला 'मान्य' असं दाबलं होतं की नाही?"

"ते दाबल्याबिगर पुढंच जाऊ देत नव्हतं."

"बरोबर. म्हणजे मान्य केलं. क्लिअर?"

काकूनं टॅब पालथा केला आणि नावावर बोट ठेवलं. "हे कोणाचं नाव हाये?"

सरांनी वाकून वाचलं. मग त्यांनी ते वाक्य म्हटलं, जे आता आष्टीत शेळ्यासुद्धा म्हणतात. "हे बघा, थोडक्यात सांगतो. डबा तुमचा. आतलं आमचं. आतलं फक्त बघायचा हक्क तुम्ही घेतला. तो पण आकांक्षापुरता. क्लिअर?"

"आजीवन लिवलंय वर."

"हो ना. आजीवनच आहे."

"कोणाचं जीवन?"

सरांनी चष्मा नाकावर सरकवला. "म्हणजे... ॲप चालू आहे तोपर्यंतचं. तुम्ही असं करा, शालूसाठी नवीन घ्या. नवीन व्हर्जन आलंय, त्यात माझे जास्त व्हिडिओ आहेत."

शालूचा बाप नवीन घेऊन देणार नव्हता. काकू देऊ शकली असती. पण एकदा घेतलेलं भांडं ती पुन्हा घेणाऱ्यातली नाही. परतीच्या जीपमध्ये शालू खिडकीकडं तोंड करून बसली होती. मंठा मागं पडला, आणि काकू मधूनच एकदा म्हणाली, "किलेर." थोड्या वेळानं पुन्हा, "किलेर." जणू तोंडात बडीशेप घोळवून राह्यली. मला तेव्हाच कळलं की या माणसाचं काही खरं नाही.

आणि बघा, माणूस स्वतः चालत आला.

अकॅडमीची शाखा आष्टीत निघणार होती. त्या निमित्तानं गुणवंतांचा सत्कार, पालकांना जेवण, आणि जेवण झाल्यावर नव्या टॅबची नोंदणी. लग्नाची दाट तिथी होती. परतूर, मंठा, कुठंच भांडी शिल्लक नव्हती. कोणीतरी सरांना सांगितलं, आष्टीत झुंबरबाईकडं बघा. सर आमच्या गल्लीत आले, काकूच्या ओसरीवर बसले, आणि त्यांनी काकूला ओळखलं नाही. तोंड जुळलं नाही म्हणा.

"काकू, भांडी पाहिजे होती. मोठा कार्यक्रम आहे."

"न्या की. गावचंच काम हाये." काकूनं चहा ठेवला. मी उंबऱ्यात बसले होते. सर मोबाईलमध्ये बोट फिरवत होते. काकू चहाच्या भांड्यात बघत, एका सुरात, न थांबता बोलायला लागली, पोथी वाचल्यासारखी.

"भांडी तुमच्या तोंडावर देते, ज्याच्या तोंडावर दिली त्यानंच उघडायची, दुसऱ्याचा हात चालणार न्हाई, एका भांड्यात एकच जिन्नस, मधी मला वाटलं तर बंद करीन, तुमचं तोंड वळखू न्हाई आलं तर भांडं उघडणार न्हाई, मान्य हाये का?"

"हो हो, मान्य," सर म्हणाले. मोबाईलमधून मान वर केली नाही.

"पुन्यांदा म्हणा. पोरगी ऐकून राह्यली."

"मान्य, मान्य. साखर कमी टाका."

समारंभाच्या दिवशी शाळेच्या पटांगणात मांडव भरला. स्टेजवर फेटे, भाषणं, सरांनी सगळ्यांना तीनदा क्लिअर विचारलं. जेवणाची वेळ झाली. लोक ताटं घेऊन रांगेत लागले. बबलू आचाऱ्यानं भात, वरण, वांग्याची भाजी, बुंदी असे हंडे ओळीनं मांडले होते, सगळ्यांवर झाकणं. आणि ओळीच्या तोंडाशी स्टुलावर काकू, मांडीवर झारा आडवा.

पहिल्या पोरानं झाकणाला हात लावला. काकूनं झारा उचलला, मारला नाही, नुसता झाकणावर ठेवला. "तुझ्या तोंडावर न्हाई दिलं. सरायला बोलव."

सर आले, फेटा बांधलेला, हसत. "काय झालं काकू? लोक उभे आहेत."

"तोंड दावा."

"काय?"

"तोंड. असं उजेडात या. चष्मा काढा."

सरांनी चष्मा काढला. का काढला कुणास ठाऊक, पण काढला. काकू त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. एक डोळा बारीक केला. "न्हाई जुळत. फेट्यानं कपाळ झाकलंय. पुन्यांदा."

रांगेत कोणीतरी फुसकन हसलं.

"काकू, चेष्टा पुरे. बबलू, काढ झाकण."

बबलूनं झाकणाकडं बघितलं, मग काकूकडं. "सर, मला अजून ह्या गावात सैपाक करायचाय."

"हा भात माझा आहे," सर म्हणाले. त्यांचा आवाज जरा चिरकला, तो चिरका 'माझा' माझ्याकडं जपून ठेवलाय.

"व्हय की," काकू म्हणाली. "आतलं तुमचंच हाये. डबा आमचा. अन् अटी मान्य केल्यात तुमी. ही पोरगी बसली होती. किलेर?"

आत्ता सरांना ओळख पटली. त्यांनी काकूकडं बघितलं, काकूच्या मागं टॅब छातीशी धरून उभ्या शालूकडं बघितलं, आणि त्यांचं तोंड असं झालं की ते खरंच कोणत्याही टॅबनं ओळखलं नसतं.

"डोळे मिचकवा," काकू म्हणाली.

सरांनी मिचकावले.

"जुळलं. उघडा."

सरांनी भाताचं झाकण उचललं आणि बाजूला ठेवायला गेले. "खाली न्हाई ठेवायचं. तुमी धरलं तोवरच चालू. ठेवलं की बंद." म्हणून सर एका हातात भाताचं झाकण, दुसऱ्या हातात वरणाचं, असे दोन्ही हात पसरून उभे राहिले, आणि वाढपी त्यांच्या काखेखालून वाढायला लागले. वाफ सरळ तोंडावर. फेटा तेव्हा घसरायला लागला. तो फोटो तेव्हाचा आहे. बुंदीपर्यंत लोक पोचले की काकू म्हणायची, "थांबा. अपडेट चालू हाये," आणि बुंदीवर झारा आडवा.

"काकू," सर हळू आवाजात म्हणाले, "काय पाहिजे तुम्हाला?"

"शालूची वळख."

"सिस्टीम..."

"वरणाचं झाकण खाली येऊन राह्यलं."

सरांनी झाकण वर केलं. "बरं. ऑफिसला फोन करतो. पण मला हात..."

"तुमी झाकण धरा, मी फोन धरते." काकूनं त्यांच्या खिशातून मोबाईल काढला, सरांनी सांगितला तो नंबर मी लावला, आणि काकूनं मोबाईल सरांच्या तोंडापुढं धरला. सरांचे दोन्ही हात गुंतलेले, मोबाईल लांब, म्हणजे आवाज स्पीकरवरच टाकावा लागला. मी मुद्दाम टाकला नाही. पण टाकताना मला आनंद झाला, हे खरं आहे.

"हॅलो सुहासिनी," सर म्हणाले, "एक टॅब आहे, आष्टीचा. चेहरा बदलायचाय."

पलीकडून एकदम गोड, झोपाळू आवाज. "हो सर, करते. आपल्या पाहुण्यांना करून देतो तसंच ना? कालच तुमच्या मावसभावाला दुसऱ्यांदा करून दिला. नंबर सांगा."

रांगेतली सगळी डोकी सरांकडं वळली. वाढप्याच्या पळीतलं वरण ताटाबाहेर पडलं.

"सिस्टीम बाई हाये व्हय," काकू मोबाईलला म्हणाली. "चांगली हाये की. काय नाव म्हणलीस माय तुझं?"

"सुहासिनी. कोण बोलतंय?"

"जेवलीस का सुहासिनी?"

"नाही अजून."

"जेव मंग. पण आदी आमच्या शालूचं कर."

शालूनं टॅब तोंडापुढं धरला. टॅब म्हणाला, डोळे मिचकावा. शालूनं मिचकावले. उघडला. ती तिथंच खाली बसली, आणि आकांक्षाच्या चुकांच्या लाल खुणा बघत म्हणाली, "आत्या, आक्कीला शेकडेवारी येतच नव्हती की. अन् ही वाघीण."

आता रांगेचं काय झालं ते सांगते. एक आष्टीचा माणूस ताट घेऊन पुढं आला. "सर, माझ्या लहान्यासाठी मला दुसरा घ्यायला लावला तुमी. सिस्टीम म्हणले." त्याच्या मागं एक बाई. "आमच्या सुनंचा तसाच पडलाय की कपाटात." मग ताटं खाली आणि टॅब वर. बायका पोरांना घरी पिटाळून टॅब मागवायला लागल्या. सुहासिनी मॅडमचं जेवण राहिलं. त्या एकेक नंबर घेत होत्या, टॅब उघडत होते, काकू मोबाईल धरून होती, आणि सर झाकणं. दुपार कलली तरी नवीन टॅबच्या नोंदणीच्या टेबलावर माशीसुद्धा बसली नाही.

गावाला काकूनं उपाशी ठेवलं नाही. सगळे पोटभर जेवले, बुंदीसकट. शेवटी सरांनी हात खाली केले आणि एक ताट उचललं, तर काकू म्हणाली, "तुमाला उघडायचा हक्क हाये. खायाचा येगळा घ्यावा लागतो. नवीन व्हर्जनमदी हाये."

सर उपाशी मंठ्याला गेले. जाण्याआधी काकूनं एक काम आणखी करून घेतलं. "चौकातलं पोरीचं तोंड खाली घ्या. आकांक्षाचं तोंड आकांक्षाच्या मानेवरच चालतं. खांबावर न्हाई चालत. सिस्टीम परवानगी देत न्हाई." संध्याकाळी फ्लेक्स उतरला. तो आता काकूच्या मागच्या खोलीत भांड्यांखाली अंथरलाय. आकांक्षाचं तोंड तिनं कापून पत्र्याच्या पेटीत ठेवलं. सरांचं तोंड जिथं आहे तिथं ती काळी काहील ठेवते. मुद्दाम. मी विचारलंय.

भांडी मात्र अकॅडमीच्या पोरांनी रिकामी परत केली. काकूनं एकेक वाजवून बघितलं आणि पालथं घातलं.

त्याच दिवशी, हंडे घासून झाल्यावर, मी तिला म्हणाले, "झालं ना काकू आता. शालूचं काम झालं, गावाचं झालं. आता सोडून दे त्याला."

"कामून?"

"लोक सोडून देतात. तू पण देशील. त्याचं लग्न आहे दिवाळीनंतर, आष्टीत घरोघर पत्रिका वाटायचं चाललंय, गिऱ्हाईक तुटू नये म्हणून. तू जाशील, आहेर देशील, तो वाकून पाया पडेल आणि तू विरघळशील. पैज."

"आहेर तर मी देनारच हाये भार्गे," काकू म्हणाली. "अन् तरी तू हरशील. आहेर घेऊन त्याचं तोंड गोड झालं तर तू जिंकली. वाकडं झालं तर मी."

मी जिंकले तर एका परातीवर माझं नाव. हरले तर शालूचा निकाल लागेपर्यंत काकूचा आवाज काढायचा नाही, कुठंच नाही, घरात सुद्धा नाही. मी हसत हो म्हणाले. आहेर देणार म्हणजे मी जिंकलेच होते.

लग्न मंठ्याच्या कार्यालयात होतं. काकू हिरवं लुगडं नेसून आली आणि स्टेजवर जाऊन तिनं पिशवीतून पितळेचा डबा काढला. चिंचेनं घासलेला, सोन्यासारखा, चांगला मोठा. मी खाली बसून परातीवरच्या नावाची जागा ठरवत होते. केदार सर खरोखर वाकले. "काकू, कशाला एवढं," असं म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच क्लिअरशिवाय संपला. तोंड गोड झालंच होतं. मी शालूला कोपर मारलं.

तेवढ्यात नवरीनं डबा हातात घेऊन कोरलेलं वाचलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "सप्रेम भेट. श्री. केदार यांस. डबा तुमचा, आतलं आमचं."

नवरीनं डबा कानाशी हलवला. आत काहीतरी खडखड वाजलं. "काय आहे हो आत?" म्हणून तिनं झाकण फिरवलं. मग सरांनी फिरवलं. मग करवलीनं. अंगदनं झाकणाच्या कडेला गोल कथील ओतून पक्का डाग दिला होता, डबा उघडायचा तर कापावाच लागला असता, आणि लग्नातला आहेर कोणी कापत नाही.

"तुमचा हाये," काकू म्हणाली. "वाजवा, ठेवा, बघा. आजीवन हाये. किलेर?"

सरांचं तोंड डावीकडं गेलं, मग उजवीकडं, आणि व्हिडिओवाल्यानं ते अगदी जवळून घेतलं.

आत काय आहे, ते मी अंगदला दोनदा विचारलं. तो म्हणतो, "आतलं तिचं." शालूची परीक्षा झाली, निकाल लागायचाय, आणि तीर्थपुरीचा मिशीवाला तोवर थांबलाय. मी पैज हरले. काकूचा आवाज मी काढत नाही. पण आवाज काढायचा नाही एवढंच ठरलं होतं. लिहायचा नाही, असं ती बोलली नव्हती, आणि तिच्या अटी मी सरांसारख्या मोबाईलमध्ये बघत ऐकल्या नव्हत्या.